मांडलेली सुरी

"हातात देऊ नको. खाली ठेव," आत्याबाई म्हणाल्या.

हे हसले. सुरी ओटीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. मग आत्याबाईंनी ती उचलली. आमच्या घरात पात्याची वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नसे. विळा असो, कोयता असो, नाहीतर साधी कात्री. एकाने खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हातोहात दिली की त्या दोघांत वाकडं येतं, असं आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे कुठलं माहीत? पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या हातात कोयती द्यायला गेले, त्यांनी झटकन हात मागे घेतला आणि कोयती माझ्या पायावर पडता पडता राहिली. "आता बघ, वाकडं आलं का नाय?" असं वर मलाच म्हणाल्या.

तो खंडेनवमीचा दिवस होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवसाची सुट्टी. भाजीसुद्धा आम्ही आदल्या दिवशी चिरून ठेवायचो. पाटावर कोयता होता, विळे होते, कुऱ्हाड होती, वारलेल्या सासऱ्यांची पहार होती. आणि त्या वर्षी ह्यांची सुरी.

ही सुरी शेतातली नव्हती. हे नदीवर गाइड होते. आमच्या गावाखालून नदी जाते, तिला सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडतात, आणि त्या पाण्यावर मुंबई-पुण्याची माणसं रबरी बोटीत बसून ओरडायला येतात. पैसे देऊन भिजतात, असं आत्याबाई म्हणायच्या. पुढे वल्हवणारी ती माणसं, आणि मागे बसून बोट सांभाळणारे आमचे हे. अंगात लाल लाइफ जॅकेट आणि त्याच्या डाव्या खांद्याला म्यानात अडकवलेली ही वीतभर सुरी. टोक मुद्दाम बोथट, कारण टोकदार असली तर बोटच फाटायची. पण धार अशी की अंगठ्याएवढा दोर एका ओढीत तुटावा. दोर कापायलाच असते ती. वाहत्या पाण्यात दोर पायात गुंतला तर गाठ सोडत बसायला वेळ कुठला? दामूदादांनी ती दिली होती त्यांना, पहिल्यांदा एकट्याने बोट खाली नेली त्या दिवशी. दामूदादा म्हणजे नदीवरचे सगळ्यांत जुने गाइड. ह्यांना त्यांनीच शिकवलेलं.

सुरी काढून द्यायला हे आधी तयार नव्हते.

"आये, आज बोटी आहेत. सुट्ट्या आहेत, माणसांची रीघ लागलीय."

"मागल्या दसऱ्यापासनं किती येळा काढलीस ती म्यानातनं?"

ह्यांनी म्यान चाचपलं.

"सांग की."

"एकदाही नाही."

"मग? तिच्या जिवावर पाण्यात उतरतोस, तिला एक दिस इसावा नको? देवी बघते ते सगळं. आज तिला मांडली तर वरीसभर तुला राखंल ती."

आईपुढे ह्यांचं कधी चाललं नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी बाप गेलेला, या बाईने लोकांची भातं लावून वाढवलेलं. ह्यांनी म्यानाचं बटण काढलं, सुरी ओटीवर ठेवली. आत्याबाईंनी तिला उलटसुलट करून बघितलं. "नकटी हाय गं," असं मला म्हणाल्या आणि त्या बोथट टोकावर हळदीचं बोट ओढलं. नवी सून न्याहाळावी तसं बघत होत्या. खरं सांगते, तेव्हा मला हसू आलं होतं.

निघताना हे दारात पायताण घालत होते. आत्याबाई मागे न्हाणीत गेल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "घ्या उचलून. कोण बघतंय?"

"मांडलेलं उचलायचं नसतं, कुंदा."

"मोठे आलात देवभोळे."

"देवाचं नाही गं. आयेने एवढी हौसेने हळद लावलीय." म्यानाचं बटण त्यांनी उगाच लावून टाकलं, आत काही नसताना. "एक दिवसाने काय होतंय?"

मी परातीतला घारगा त्यांच्या हातावर ठेवला. तो खात खातच ते उतार उतरून गेले.

पुढे थोड्या वेळाने आत्याबाई नैवेद्याचं ताट घेऊन टेकडीवरच्या देवळात गेल्या. मी मागल्या दारी चुलीपाशी होते. उन्हं चढली, आणि ओटीवर कोणीतरी आल्याचं वाटलं म्हणून बाहेर आले तर दामूदादा उभे. नखशिखांत ओले. पायात काही नाही. हातात लाल जॅकेट, आणि ते ह्यांचं होतं.

"हे कुठेत?" मी विचारलं.

"वहिनी, बसा."

"बसत नाही. सांगा."

तेच बसले. पायरीवर बसून जॅकेट मांडीवर घेतलं. त्यातून पाणी गळत होतं.

"हत्तीखडकावर बोट आडवी लागली," ते म्हणाले. "माणसं पाण्यात गेली. काशिनाथने सगळी बाहेर काढली. एकही गेलं नाही त्यातलं. मग बोट सोडवायला गेला. ती सुटली, पण तिचा दोर त्याच्या पायाला बसला होता. बोट एकीकडे ओढत होती, हा खडकाखाली." ते थांबले. "मी खालच्या बोटीवर होतो. धोंड्यांवरनं पळत वर गेलो, दोर मीच कापला. पण उशीर झाला, वहिनी. दवाखान्यात नेलाय, पण काही उरलेलं नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

मी तशीच उभी. चुलीवरचं तेल करपल्याचा वास येत होता आणि मला वाटत होतं, कढई उतरवली पाहिजे.

"पळताना मला दिसत होता तो," दामूदादा म्हणाले. "त्याचा हात खांद्याकडे गेला. मला वाटलं, आता काढेल सुरी, आता कापेल. पुन्हा गेला हात. दोनदा गेला. मला कळेना हा काढत का नाही. बाहेर काढल्यावर बघितलं तर बटण लावलेलं आणि आत..."

तेवढ्यात त्यांना पाट दिसला. कोयता, विळे, कुऱ्हाड, पहार, आणि कडेला झेंडूच्या फुलाखाली ती. हळद अजून ओली होती.

मला रडू आलं नाही तेव्हा. राग आला. आत्याबाईंचा राग आला, खोटं कशाला बोलू? असा राग की त्या समोर असत्या तर मी जे बोलले असते ते पुन्हा कधी गिळता आलं नसतं. त्या मात्र तेव्हा टेकडीवर देवीची ओटी भरत होत्या, मुलासाठी.

दामूदादा उठले. "भागीरथीकाकूंना हे कळता कामा नये," असं ते आत्याबाईंबद्दल म्हणाले. "पोरगा गेला म्हणून रडतील, सावरतील. पण आपल्याच हाताने सुरी काढून घेतली हे कळलं, तर त्या माउलीने करायचं काय? त्या विहीर जवळ करतील, वहिनी."

त्यांनी पाटावरची सुरी उचलली. आपल्या ओल्या बाहीला हळद पुसली, सुरी ह्यांच्या जॅकेटच्या म्यानात घातली, बटण लावलं. जॅकेट खुंटीला अडकवलं.

"विचारलं तर म्हणायचं, सुरी होती त्याच्यापाशी. पण वेळच मिळाला नाही."

मी अडवलं नाही. माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. राग होता तरी पटलं होतं.

मग माणसं आली, आत्याबाईंना कोणीतरी वाटेतूनच धरून आणलं, आणि पुढचं जे कोणत्याही घरात होतं ते आमच्या घरात झालं.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. घराला सुतक आलं. सुतकात देवाला हात लावायचा नसतो, त्यामुळे पाट तसाच राहिला. दसरा आला नि गेला. झेंडू वाळून काळा पडला, उंदरांनी अक्षता नेल्या, पण हत्यारं होती तिथेच होती, आणि सुरीची रिकामी जागाही. तेरावं झालं, घर सारवलं, आणि आत्याबाई पूजा काढायला पाटापाशी बसल्या.

बराच वेळ झाला तरी उठेनात म्हणून मी गेले. त्या पाटाच्या कडेला बोट फिरवत होत्या. हळदीचा एक लांबट डाग होता तिथे, आणि वर काही नव्हतं. मग त्यांनी खुंटीवरच्या जॅकेटकडे बघितलं. उठल्या, बटण काढलं, सुरी बघितली. बोथट टोकाशी म्यानाच्या आतल्या बाजूला पिवळं लागलेलं होतं.

"कुंदा, मी देवळात गेल्यावर तो परत आलता?"

"मी चुलीपाशी होते. मला नाही माहीत."

"आलता," त्या म्हणाल्या. "माझी पाठ फिरली नि उचलली त्यानं. मांडलेलं उचललं." आणि आपल्या पोराचं नाव घेऊन म्हणाल्या, "काशिनाथा, एक दिस धीर नाय धरवला रे तुला?"

झालं. आम्ही त्यांना वाचवायला गेलो आणि गुन्हा गेलेल्या माणसाच्या डोक्यावर बसला. आत्याबाईंना मुलाचं जाणं समजून घ्यायला काहीतरी हवं होतं, ते मिळालं. देवीचं मांडलेलं मोडलं, देवीने नेला. विहिरीवर त्यांनी हे सांगितलं, लावणीला सांगितलं, भेटायला आलेल्या माझ्या आईलाही सांगितलं. सांगताना रडायच्या आणि रडताना त्याला बोल लावायच्या. गावाचं काय, गावाला तेवढंच पुरतं. पोरं देवळात दांडगाई करायला लागली की बायका म्हणायच्या, काशिनाथाचं काय झालं आठवा. मी कानाने ऐकलंय हे, डोक्यावर हंडा असताना. ज्याने आईच्या एका शब्दाखातर जीव पाण्यात सोडला, त्याचं नाव पोरांना भीती घालायला वापरायचे. घरी येऊन मी हंडा आदळायचे.

दामूदादा अधूनमधून येत. एकदा आत्याबाई नाहीत असं बघून म्हणाले, "मला वाटलं नव्हतं असं होईल. सांगून टाकू या का खरं?"

"काय सांगायचं?" मी म्हटलं. "आत्याबाई, तुमचं ऐकलं म्हणून तुमचा मुलगा गेला, हे?"

त्यांनी खुंटीवरच्या जॅकेटकडे बघितलं.

"मग त्याला बोल लागतो तो तसाच लागू द्यायचा, वहिनी?"

"मी रोज ऐकते, दादा. तुम्ही कधीतरी येता."

त्यांना हे लागलं. मला ठाऊक होतं लागेल, तरी बोलले.

वर्ष असं गेलं. वर्षभर घरात सण नव्हता. पुन्हा नवरात्र आलं तेव्हा आत्याबाईंनी मला सांगितलं की वर्ष सरलं, आता त्या नवमीला देवीला लोटांगण घालत जाणार. घरापासून टेकडीपर्यंत. पोराने केलेल्या अपराधाची माफी मागायला, आणि पुढेही हात-पाय चालताहेत तोवर दरसाल. मी म्हटलं, "आत्याबाई, गुडघे बघा तुमचे. वाट सगळी खडीची." त्या म्हणाल्या, "त्याचं कोण मागणार मग? त्याला माफी मिळाल्याबिगर तो कुठं जाईल? तसाच पाण्यात ऱ्हाईल."

हे वाक्य मला झोपू देईना. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपला मुलगा अजून त्या खडकाखाली आहे.

खंडेनवमीच्या सकाळी त्या डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या लुगड्याने अंगणात आल्या. मी वर्षभराने पुन्हा पाट मांडला होता. आत्याबाईंनी कोयता, विळे खाली ठेवले, मी उचलून पाटावर मांडले. सुरी मांडली नाही, ती जॅकेटलाच होती. दामूदादा वाटेत त्यांना धरायला म्हणून आले होते. आत्याबाईंनी टेकडीकडे तोंड केलं, हात जोडले, गुडघे टेकले. गुडघे टेकतानाच त्यांच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं. मग त्या आडव्या झाल्या, हात पुढे पसरले, कपाळ मातीला लावलं आणि म्हणाल्या, "आई, माझ्या चुकार पोराला पदरात घे."

चुकार. तो शब्द मला सहन झाला नाही.

"आत्याबाई, उठा," मी म्हटलं.

"वाट सोड."

"उठा. त्यांनी उचलली नाही सुरी. मी उचलली."

दामूदादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

आत्याबाईंनी मातीतून मान वर करून विचारलं, "काय म्हनलीस?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. एकदा सुरू केल्यावर अवघड गेलं नाही. वर्षभर ते माझ्या मनात आपोआप तयार होत असावं. "तुम्ही देवळात गेलात तशी मी पाटावरची सुरी उचलली. पदराखाली घेऊन नदीवर गेले. बोटी सुटायच्या होत्या. ते घेत नव्हते. मी म्हटलं, आत्याबाईंनीच पाठवलीय, त्या म्हणाल्या घेऊन जा. तेव्हा घेतली."

"त्याला ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"माझ्याच सांगण्यानं आणली, असं वाटलं त्याला?"

"हो. तुमच्या मुलाने तुमचा शब्द मोडला नाही, आत्याबाई. शेवटपर्यंत मोडला नाही."

एवढं मात्र मी खरं बोलले. कदाचित म्हणूनच माझा आवाज फुटला. वर्षभरात मी तशी रडले नव्हते, ती तिथे अंगणात रडले.

त्या उठून बसल्या. कपाळाला माती, ओल्या केसांत माती. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी बघितलं, त्यासाठी मी पुन्हा सगळं सोसेन. त्यांनी हात छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "नाय मोडला. माझं सोनं ते. मला वाटलंच होतं, तो असा नाय." दामूदादांकडे वळून त्या पुन्हा म्हणाल्या, "दामू, ऐकलंस ना? माझ्या काशिनाथाची काय चूक नाय." दामूदादा मान हलवत होते आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

मग हळूहळू त्यांची नजर माझ्याकडे आली.

"आणि तू?"

"मी मोडला."

त्या ओरडल्या नाहीत. हात उगारला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुझं कुंकू तूच पुसलंस गं," एवढंच म्हणाल्या, तेही हळू, कीव केल्यासारखं. दामूदादांच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि घरात गेल्या. लोटांगण झालं नाही. त्यानंतर कधीच झालं नाही.

गावात हेही पसरलं. आता बायका पोरांना माझं नाव सांगायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही, वाटायचं. पण घरी येऊन हंडा आदळायचं थांबलं. ह्यांचा फोटो आत्याबाईंनी स्वतः भिंतीवर लावला आणि रोज त्याला फूल घालायला लागल्या. भात काढताना, भाकरी थापताना त्याच्या गोष्टी सांगायच्या, लहानपणच्या, खोडीच्या. मला नाही सांगायच्या, शेजारच्या रेवतीला सांगायच्या. मी ऐकायचे.

मला त्यांनी घराबाहेर काढलं नाही. एका ताटात जेवणारी माणसं नव्हतो आम्ही, पण एका चुलीवर जेवत होतो. दुखलंखुपलं तर माझ्यासाठी काढा करायच्या. फक्त त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातात काही दिलं नाही. काढ्याची वाटी जमिनीवर ठेवायच्या आणि मागे सरायच्या, मग मी उचलायचे. मीठ, काड्याची पेटी, धुतलेलं लुगडं, काहीही असो. मी काही द्यायला गेले की म्हणायच्या, "ठेव." मी ठेवायचे, त्या उचलायच्या. मुद्दाम टोचायला करत होत्या असं मला कधी वाटलं नाही. माझी त्यांना भीती वाटत असावी, जशी पात्याची वाटते. अशी आम्ही दोघींनी अकरा वर्षं काढली.

शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हाही तेच. दिवसातून चार वेळा मी त्यांना कूस बदलून द्यायचे, पुसायचे, त्याला त्या हरकत घेत नसत, डोळे मिटून घ्यायच्या. पण पाणी, औषध, पेज, "ठेव." मग रेवती येऊन पाजायची.

एका दुपारी रेवती बाजाराला गेली होती. त्यांच्या ओठांवर पापुद्रे आले होते. मी पाण्याचं भांडं घेऊन गेले आणि सवयीने त्यांच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरले. त्यांनी हात भांड्यापर्यंत नेला. बोटं भांड्याला लागली, पण उचलेना. पुन्हा नेला. दोनदा नेला हात. मला दामूदादांचं ते पायरीवरचं बोलणं आठवलं.

मग त्यांनी हात तसाच जमिनीवर राहू दिला, तळवा वर करून. माझ्याकडे बघितलं.

"दे," त्या म्हणाल्या.

उचलता येईना म्हणून म्हणाल्या, की माफ केलं म्हणून म्हणाल्या, ते मला आजही माहीत नाही. त्या क्षणी मात्र सगळं खरं माझ्या ओठांवर आलं होतं. आत्याबाई, मी उचलली नव्हती हो. एवढं बोलले असते तर मी मोकळी झाले असते. भिंतीवरून हे बघत होते, सकाळचं फूल अजून ताजं होतं.

मी बोलले नाही. भांडं उचललं, त्यांच्या हातात दिलं, आणि पडू नये म्हणून खालून माझा हात लावून धरला.